उलट्या सहाचे गाव

मनगटावरच्या घड्याळात सहाच्या जागी नऊ छापलेला दिसला तर तुम्ही काय कराल? दुकानदाराशी हुज्जत घालाल, पावती दाखवून घड्याळ परत कराल. पण जगात अशी काही घड्याळे आहेत, की ज्यांच्या तबकडीवरचा सहा उलटा आहे म्हणूनच लोक त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजतात! ‘रोलेक्स’ या स्विस कंपनीने १९८८ साली बाजारात आणलेल्या ‘डेटोना’ या क्रोनोग्राफ घड्याळाची ही गोष्ट. या घड्याळाच्या मोठ्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या आहेत. त्यातल्या खालच्या तबकडीत अगदी तळाशी जो इंग्रजी सहा आहे, तो सुरुवातीच्या काही वर्षांच्या घड्याळांत डोके खाली, पाय वर असा छापलेला आहे. इंग्रजी सहा उलटा केला की त्याचा नऊ होतो. त्यामुळे त्या इवल्याशा तबकडीत एक नऊ डावीकडे आणि दुसरा ‘नऊ’ तळाशी, असे दोन नऊ नांदताना दिसतात.

आपल्याकडे तीन आणि सहा यांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात, म्हणून न पटणाऱ्या दोघांना आपण ‘छत्तीसचा आकडा’ म्हणतो. इंग्रजीतल्या सहा आणि नऊ यांचे नाते त्याहून वेगळे. ते जुळ्या भावांसारखे आहेत. कोणता कोण, हे ओळखायला कुठून पाहतो ते ठाऊक असावे लागते. हौजी खेळताना सोंगटीवर सहाच्या खाली रेघ ओढलेली असते, ती याचसाठी.

या उलट्या सहाचा माग काढत गेले, की आपण पोहोचतो स्वित्झर्लंडच्या एका अशा कोपऱ्यात, जिथे आपले पर्यटक फारसे फिरकत नाहीत. स्वित्झर्लंड म्हटले की युंगफ्राऊ, टिटलिस, ल्युसर्नचे तळे आणि हिंदी चित्रपटातली हिरवीगार कुरणे एवढेच आपल्या सहलीत असते. पण फ्रान्सच्या सीमेला लागून असलेल्या ज्यूरा पर्वताच्या कुशीत ला शो-द-फों आणि ल लोक्ल ही दोन जुळी गावे आहेत. जगाला वेळ दाखवणारी ही गावे एकदा तरी पाहावीत अशी आहेत.

गाडी उलटी धावते तेव्हा

झुरिक किंवा जिनिव्हाहून आधी नशातेल गाठायचे. सरोवराकाठचे हे टुमदार शहर या परगण्याची राजधानी आहे. तिथून ला शो-द-फोंची छोटी गाडी मिळते. अर्ध्या तासाच्या आसपासचा हा प्रवास आहे, पण मोठा गमतीचा. गाडी सरोवराला मागे टाकून चढण चढू लागते आणि शाम्ब्रेलिएन नावाच्या स्थानकात येऊन थांबते. पुढे रूळच नाहीत! मग चालक उतरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी आली त्या दिशेने, पण वेगळ्या रुळावरून, वर चढू लागते. आतापर्यंत पुढे तोंड करून बसलेले प्रवासी आता उलटे बसलेले असतात. आपल्या खंडाळ्याच्या घाटात पूर्वी गाडी अशीच दिशा बदलत असे. त्या ‘रिव्हर्सिंग’ स्टेशनाची आठवण जुन्या पिढीतल्या वाचकांना नक्की येईल.

डोंगर चढून गेल्यावर जवळजवळ एक हजार मीटर उंचीवर ला शो-द-फों लागते. हिवाळ्यात इथे भरपूर बर्फ पडते. जवळच्याच ला ब्रेव्हिन या खेड्यात १९८७ च्या जानेवारीत पारा शून्याखाली ४१.८ अंशांपर्यंत उतरला होता. साहजिकच जमीन पिकाऊ नाही. वर्षातले कित्येक महिने शेतकरी घरात अडकून पडत. मग हातांना काम काय? या प्रश्नाच्या उत्तरातूनच इथला घड्याळाचा धंदा उभा राहिला.

त्याची एक लोककथा ल लोक्लमध्ये सांगतात. १६७९ च्या सुमारास एक घोड्यांचा व्यापारी लंडनहून आणलेले घड्याळ घेऊन या भागातून चालला होता. घड्याळ बंद पडले. दानिएल जाँरिशार नावाच्या एका चौदा-पंधरा वर्षांच्या लोहाराच्या पोराने ते उघडून दुरुस्त केले आणि पुढे तसेच घड्याळ स्वतः बनवले. कथेत मीठमसाला किती हे सोडून द्या. पण जाँरिशार खरा होता, त्याने ल लोक्लमध्ये घड्याळे बनवली, शिष्य तयार केले आणि १७४१ साली तो वारला, हे मात्र खरे. गावात त्याचा पुतळा आहे. हळूहळू या डोंगरातल्या घराघरांत कुणी चाक घासू लागले, कुणी काटे कापू लागले, कुणी तबकडी रंगवू लागले.

खिडक्यांचे शहर

१७९४ साली ला शो-द-फों आगीत जवळजवळ बेचिराख झाले. त्यानंतर जे नवे गाव वसले, ते नीट आखून. डोंगराच्या उतारावर एकाला एक समांतर असे लांबच लांब सरळ रस्ते, त्यांच्या कडेने घरांच्या रांगा आणि मध्ये बागेच्या पट्ट्या. घरे अशी बांधली की एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये. कारण घड्याळजीचे पहिले भांडवल म्हणजे उजेड! भिंग डोळ्याला लावून केसाएवढ्या भागावर काम करायचे, तेव्हा विजेचे दिवे नव्हते. म्हणून इथल्या जुन्या घरांच्या वरच्या मजल्यांवर खिडक्यांच्या रांगाच रांगा दिसतात. खाली बिऱ्हाड आणि वर कारखाना, असा थाट.

गावाच्या मध्यभागी एस्पासिते नावाचा उंच मनोरा आहे. त्याच्या माथ्यावरून पाहिले की हे सारे शहर बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते. सगळे गाव म्हणजे जणू एकच मोठा घड्याळाचा कारखाना, असे निरीक्षण कार्ल मार्क्सने आपल्या ‘दास कापिताल’ ग्रंथात नोंदवले होते. २००९ साली युनेस्कोने या दोन्ही गावांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती एखाद्या राजवाड्यासाठी किंवा मंदिरासाठी नव्हे, तर एका धंद्यासाठी घडवलेल्या नगररचनेसाठी.

आपल्याला हे सरळ रस्त्यांचे गाव पाहताना चंदीगढची आठवण आली, तर तो निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. चंदीगढचा आराखडा ज्यांनी घडवला ते वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए याच गावात १८८७ साली जन्मले. त्यांचे मूळ नाव शार्ल-एदुआर जाँनरे. वडील घड्याळाच्या तबकड्यांवर मीनाकाम करणारे कारागीर होते आणि मुलानेही गावच्या कलाशाळेत घड्याळाच्या केसवर कोरीवकाम करण्याचे शिक्षण सुरू केले होते. आई-वडिलांसाठी त्यांनी १९१२ साली बांधलेले ‘मेझों ब्लांश’, म्हणजे पांढरे घर, आजही इथे पाहता येते.

आकड्यांची तोंडे कुणीकडे?

ला शो-द-फोंतले आंतरराष्ट्रीय घड्याळ संग्रहालय चुकवू नका. १९७४ साली उघडलेली त्याची इमारत बरीचशी जमिनीखाली आहे. सूर्यघड्याळांपासून अणुघड्याळांपर्यंत हजारो वस्तू इथे मांडलेल्या आहेत. मुलांना घेऊन गेलात तर त्यांना एक खेळ द्या. प्रत्येक तबकडीपाशी थांबून विचारा, ‘आकड्यांचे पाय कुणीकडे आहेत?’

या खेळातून एक गंमत लक्षात येते. तबकडीवर आकडे बसवण्याच्या मुख्यतः तीन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत सगळे आकडे ताठ उभे असतात, पुस्तकात असतात तसे. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक आकड्याचे पाय तबकडीच्या मध्याकडे असतात. जत्रेतल्या चक्री पाळण्याला जर पाळणे घट्ट ठोकून बसवले, तर खाली आल्यावर माणसे जशी उलटी लटकतील, तसे या तऱ्हेत खालचे आकडे उलटे होतात. तिसरी तऱ्हा तडजोडीची. वरच्या अर्ध्या भागात पाय मध्याकडे, खालच्या अर्ध्या भागात डोके मध्याकडे. त्यामुळे सगळे आकडे वाचता येतात.

जुन्या खिशातल्या घड्याळांत दुसरी तऱ्हा सर्रास दिसते. रोमन आकड्यांना ती छान शोभते. शिवाय कारागिराच्या दृष्टीने ती सोयीची. तो तबकडी हळूहळू फिरवत जाई आणि समोर येईल त्या जागी आकडा काढी. हात तिथेच, तबकडी फिरती. काढताना प्रत्येक आकडा त्याच्यासाठी सरळच असे. रोमन आकडे उलटे झाले तरी नजरेला फारसे खटकत नाहीत. इंग्रजी आकड्यांतही शून्य आणि आठ उलटे केले तरी तेच राहतात. तीन किंवा चार उलटे झाले तर विचित्र दिसतात, पण दुसरा कोणता आकडा होत नाहीत. घोटाळा फक्त सहा आणि नऊ यांचा.

आता कुणी म्हणेल, उलट्या सहामुळे वेळ चुकत नाही का? नाही. कारण घड्याळ वाचताना आपण आकडा वाचतच नाही, जागा वाचतो. काटा तळाशी आला की सहा. भिंतीवरच्या कित्येक घड्याळांत एकही आकडा नसतो, तरी शाळेला जाणाऱ्या पोराला वेळ बरोबर कळते. रुग्णालयातल्या परिचारिका छातीवर जे छोटे घड्याळ लटकवतात, ते समोरच्याला उलटे दिसते. पण तिने मान खाली घातली की तिला ते सरळ दिसते आणि नाडी मोजताना दोन्ही हात मोकळे राहतात. उलटे-सुलटे हे अखेर पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते.

हल्लीच्या तबकड्यांवर आकडे हाताने काढत नाहीत. धातूच्या पट्टीवर नक्षी कोरतात, तिच्या खाचांत शाई भरतात. मग एक मऊ, फुगीर गादी त्यावर दाबून शाई उचलतात आणि तबकडीवर अलगद टेकवतात. म्हणजे मूळ पट्टीवर सहा उलटा कोरला गेला, की तिच्यावरून निघालेल्या प्रत्येक तबकडीवर तो उलटाच येणार.

माळ्यावरचा खजिना

ला शो-द-फोंहून ल लोक्ल आठ किलोमीटरवर. गाडीने दहा मिनिटेही लागत नाहीत. इथे १८६५ साली जॉर्ज फाव्र-जाको यांनी जो कारखाना काढला, तोच आजचा ‘झेनिथ’. उलट्या सहाच्या घड्याळाचे काळीज याच कारखान्यातले आहे.

क्रोनोग्राफ म्हणजे वेळही दाखवणारे आणि शर्यतीसारख्या गोष्टीचा कालावधीही मोजणारे घड्याळ. बाजूचे बटण दाबले की मधला लांब काटा धावू लागतो, पुन्हा दाबले की थांबतो. मिनिटे आणि तास किती झाले ते छोट्या तबकड्यांवर दिसते. असे घड्याळ स्वयंचलित, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे असावे, यासाठी १९६० च्या दशकात मोठी चुरस लागली होती. झेनिथने १० जानेवारी १९६९ रोजी आपले यंत्र जाहीर केले आणि त्याचे नाव ठेवले ‘एल प्रिमेरो’. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ ‘पहिला’. त्याच वर्षी हॉयर, ब्राइटलिंग आदी कंपन्यांच्या गटाने आणि जपानच्या सेइकोनेही आपापली यंत्रे आणली. पण एल प्रिमेरोचा ठोका वेगळा होता. तासाला ३६,००० ठोके, म्हणजे सेकंदाला दहा. त्यामुळे सेकंदाचा दहावा भाग मोजता येई.

दुर्दैव असे, की त्याच वर्षी नाताळच्या दिवशी सेइकोने जपानमध्ये पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढले. बॅटरीवर चालणारे, चावीची कटकट नसलेले आणि अचूक. पुढे ते स्वस्तही झाले. स्विस घड्याळ धंद्याचे कंबरडेच मोडले. १९७० मध्ये या धंद्यात सुमारे ९०,००० माणसे काम करीत होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती तीस हजारांच्या थोडी वर एवढीच उरली. या दोन गावांत तर ज्याच्या घरात घड्याळाचा माणूस नाही असे घर मिळणे कठीण. किती चुली थंडावल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

झेनिथ कारखाना तोवर अमेरिकेतल्या एका रेडिओ-टीव्ही कंपनीच्या मालकीचा झाला होता. १९७५ साली वरून हुकूम आला, की यापुढे फक्त क्वार्ट्झ. यांत्रिक घड्याळांची सगळी सामग्री काढून टाका.

शार्ल व्हेर्मो हा तिथला अनुभवी कारागीर. आयुष्य क्रोनोग्राफ घडवण्यात गेलेले. त्याने वरिष्ठांना विनवून पाहिले, की हे ज्ञान पुन्हा मिळणार नाही. उपयोग झाला नाही. तेव्हा या साध्या, आज्ञाधारक माणसाने आयुष्यात एकदाच हुकूम मोडला. एल प्रिमेरोचे भाग कापण्याचे साचे, हत्यारे, नकाशे असे एकेक करून त्याने कारखान्याच्या माळ्यावर नेऊन लपवले. नुसते लपवले नाही. कोणती वस्तू कुठे आहे आणि कशासाठी आहे, याची नीट टिपणेही करून ठेवली. पकडला गेला असता तर नोकरी गेली असती. आणि नोकऱ्या जात असलेल्या त्या दिवसांत ती दुसरीकडे मिळालीही नसती.

१९७८ मध्ये कारखाना पुन्हा स्विस मालकांकडे आला. काही वर्षांनी यांत्रिक क्रोनोग्राफला मागणी येऊ लागली. नव्याने सगळी हत्यारे बनवायची तर प्रचंड खर्च आणि वर्षानुवर्षांचे काम. तेव्हा व्हेर्मोने माळ्याची वाट दाखवली. १९८४ साली एल प्रिमेरो पुन्हा बनू लागले. तो माळा आता भेट देणाऱ्यांना दाखवतात. लाकडी फळ्या, त्यांवर ओळीने मांडलेले लोखंडी साचे, एवढेच तिथे आहे. पाहण्यासारखे फारसे काही नाही, पण पाय निघत नाही.

सहा उलटा आणि भाव चढा

याच सुमारास रोलेक्सला आपल्या डेटोनासाठी स्वयंचलित यंत्र हवे होते. अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या शर्यतीच्या मैदानावरून नाव घेतलेले हे घड्याळ १९६३ पासून निघत होते, पण त्याला हाताने चावी द्यावी लागे. रोलेक्सने एल प्रिमेरो निवडले. त्यात पुष्कळ बदल केले, तारीख काढून टाकली आणि ठोके तासाला २८,८०० वर आणले. १९८८ साली नवे डेटोना आले आणि त्याच्यासाठी गिऱ्हाइकांच्या रांगा लागल्या. उलटा सहा याच घड्याळातला. १९९० च्या दशकाच्या मध्याच्या सुमारास तबकडीवरचा सहा गुपचूप सरळ झाला. २००० साली रोलेक्सने स्वतःचे यंत्र बनवले आणि झेनिथचे काळीज असलेली डेटोना बंद झाली.

तेव्हापासून संग्राहक या तबकड्यांवर भिंग रोखून बसले आहेत. उलटा सहा म्हणजे सुरुवातीचे घड्याळ, अशी ती खूण झाली. मौजेने चढ्या भावाची गोष्ट सांगतात, पण रक्कम मौजेची नाही. जुन्या डेटोनांपैकीच एक, अभिनेता पॉल न्यूमन यांच्या मनगटावरचे, २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरना गेले! अर्थात ते उलट्या सहाच्या आधीच्या काळातले. त्याची ख्यातीही त्याच्या आगळ्या तबकडीमुळेच आहे.

ज्या घड्याळाचा आकडा उलटा म्हणून आज बोली लागते, ते घड्याळ जन्मालाच आले नसते, जर एका कारागिराने माळ्याचा जिना चढला नसता. लिलावाच्या पुस्तिकेत उलट्या सहाचे मोठे छायाचित्र असते. माळ्याचे नसते.

आपल्याकडेही अशी लाट येऊन गेली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीची घड्याळे बनू लागली. दहावी पास झालेल्या मुलाला, लग्नात जावयाला, निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्याला एचएमटीच दिले जाई. त्यांच्या काही तबकड्यांवर देवनागरी आकडे असत. पुढे १९८० च्या दशकात क्वार्ट्झ घड्याळे घेऊन टायटन आली आणि २०१६ साली सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याला मंजुरी दिली. चावी देण्याची ती करकर आज कित्येक घरांच्या कपाटात, रुमालात गुंडाळून पडली आहे. आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या घड्याळजीला ती अजून चालू करता येते. त्याच्यानंतर कुणाला येईल, हा प्रश्न ल लोक्लएवढाच आपलाही आहे. यांत्रिक घड्याळाचे कसब २०२० मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घातले, ते याच काळजीपोटी.

जाणार असाल तर

मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. एरवी लोकरीचे कपडे भरपूर घ्या. नशातेलला मुक्काम करून दोन्ही गावे दोन दिवसांत निवांत पाहता येतात. भाषा फ्रेंच आहे. ‘बोंजूर’ आणि ‘मेर्सी’ एवढे शिकून गेलात तरी दुकानदार खूश होतो. संग्रहालये सोमवारी बहुधा बंद असतात. ‘स्विस ट्रॅव्हल पास’ असल्यास रेल्वेबरोबरच बऱ्याच संग्रहालयांचे वेगळे तिकीट लागत नाही. घड्याळाचे कारखाने मात्र आधी नोंदणी केल्याशिवाय पाहता येत नाहीत; पर्यटन कार्यालयात चौकशी करावी. ल लोक्लचे ‘शातो दे मों’ हे घड्याळ संग्रहालय आणि कॉल-दे-रोशच्या भूमिगत पाणचक्क्या मुलांना फार आवडतात. शाकाहारी मंडळींनी चीजचे फोंद्यू मागवावे, पण त्यात वाइन घालतात हे ध्यानात ठेवावे.

आणि जाणे जमणार नसेल, तर आज संध्याकाळी घरातली जुनी घड्याळे बाहेर काढा. आजोबांचे, वडिलांचे, बंद पडलेले, काच तडकलेले. मुलांना जवळ बसवून विचारा, यातल्या सहाचे पाय कुणीकडे आहेत? मग एखादे घड्याळ कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे घेऊन जा. तो भिंग लावून ते उघडेल, तेव्हा मुलांना शेजारी उभे करायला विसरू नका.